लाईट सुरू व्हायच्या आधी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात कॅन्सर पेशंटना गिळायची आणि बोलायची थेरपी देते. तोंडाच्या, घशाच्या गाठीचे बहुतेक पेशंट माझ्याकडे येतात ते ऑपरेशन, लाईट सगळं उरकल्यावर, तेव्हा तोंड दोन बोटं पण उघडत नसतं, आणि मला मनापासून वाटतं की यांना आधीच पाठवायला हवं होतं.

लाईट म्हणजे रेडिएशन, साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. भोर, इंदापूरकडची माणसं त्यासाठी हडपसरला नाहीतर कात्रजला पाहुण्यांकडे राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, चव जाते, लाळ चिकट होते, मग माणूस खाणंच सोडतो, घरचे म्हणतात नाकात नळी आहे ना, राहू दे. पण गिळायचे स्नायू वापरले नाहीत तर ते आखडतात हो! डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर नळी असतानाही थोडं थोडं गिळत राहायचं, गुरगुट्या भात, मुगाचं वरण, गार झालेली नाचणीची पेज. ठेचा, लोणचं बंद. आणि जबड्याचा व्यायाम रोज, दुखलं तरी, लाईट संपल्यावरही.

दातांचं तर आधीच बघायचं. लाईटमुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, नंतर दात काढला तर जखम भरत नाही, कधी कधी हाडच सडतं. म्हणून किडलेले दात आधी काढून जखम भरू द्यायची.

ऑपरेशनमध्ये जबड्याचं हाड काढावं लागलं तर पायाचं हाड काढून जबडा बनवतात, हे ऐकून लोक दचकतात, पण ते बारीक हाड काढलं तरी माणूस चालतो. मानेच्या गाठी काढल्यावर मात्र बऱ्याचदा खांदा नीट उचलत नाही, त्याला फिजिओथेरपी लवकर लागते.

अजून एक. बायका सांगतात, मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते. मिश्री भाजलेला तंबाखूच आहे ताई, उपचार चालू असताना तर अजिबातच नको.

तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवाच, तुकडा तपासायला घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, त्यांना कागदपत्रं विचारा. आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना म्हणा, दातांचे डॉक्टर आणि गिळण्याची थेरपी देणाऱ्यांची चिठ्ठी आत्ताच द्या.