पुठ्ठ्याच्या नळीवर घर उभं राहतं का?

नमस्कार! माझ्या हातात आहे ती नौपाड्यातल्या पडद्यांच्या दुकानातून आणलेली नळी. कापड विकून संपलं की ही रद्दीत जाते. मी अशा सहा मागून आणल्यात, गणपतीच्या मखरासाठी. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमचं मखर पुठ्ठ्याचंच.

आधी हा साधा ए-फोर कागद बघा. वजन ५ ग्रॅम. उभा धरला की मान टाकतो. आता याची गुंडाळी केली, चिकटपट्टी लावली आणि उभी ठेवली. वर हे पुस्तक... हे दुसरं... आणि हा शब्दकोश. उभी आहे!

कागद तोच आहे, मग बदललं काय? सपाट कागद कुठेही सहज दुमडतो. नळी वाकवायची तर तिची एक बाजू दाबावी लागते आणि समोरची ताणावी लागते. ते सोपं नाही. दुकानातल्या नळीत तर कागदाच्या पट्ट्या तिरक्या गुंडाळून, थरावर थर डिंकाने चिकटवलेले असतात.

याच नळ्यांनी जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी घरं बांधली. १९९५ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला, त्यात बेघर झालेल्यांसाठी ही घरं होती. नळ्यांचा व्यास १०६ मिलिमीटर, जाडी फक्त ४. त्या एकीला एक लावून उभ्या केल्या, त्याच भिंती. पाया म्हणजे वाळूच्या गोण्या भरलेले बिअरचे क्रेट. पुढे २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्येही तशी घरं झाली. तिथे क्रेट नव्हते, म्हणून पडलेल्या इमारतींचा राडारोडा पायात घातला आणि छपराला बांबू वापरला. मला हे भुजचं घर सगळ्यात जवळचं वाटतं. जे मोडलं, त्याच्यावरच नवं उभं केलं.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचं २०१३ चं पुठ्ठ्याचं कॅथेड्रल जास्त प्रसिद्ध आहे, पण तिथल्या नळ्यांच्या आत लाकडी तुळया आहेत, हेही सांगायला हवं.

आता पाणी. कागदाचे तंतू एकमेकांना धरून असतात, पाणी शिरलं की ती पकड सुटते. गेल्या वर्षी मी नळ्या गॅलरीत फरशीवर उभ्या ठेवल्या. ठाण्यातला श्रावण! चार दिवसांत खालची टोकं फुगली, थर उलगडले. वरचा भाग ठणठणीत, पण पायच गेले होते. कोबेचे क्रेट नळ्यांना जमिनीपासून उचलत होते, हे मला तेव्हा खरं कळलं.

म्हणून यंदा दोन्ही टोकांना वॉर्निशचे दोन हात आणि खाली लाकडी पाट. नळी कापताना बारीक दात्यांची करवत घ्या, कात्री नको. कात्रीने कड चेपते, आणि सगळा भार त्या कडेवरच उभा असतो. ही पहिली नळी, चला, कापूया.