गवत निसवलं की मनोली घरट्याला लागते

[दृश्य: सासवडच्या बाजूचा माळ. सप्टेंबरमधली सकाळ. कमरेएवढं गवत, वाऱ्यावर हलणारं.]

सप्टेंबर उजाडतो तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच पक्ष्यांची वीण उरकलेली असते. बुलबुलाची पिल्लं केव्हाच उडून गेली. कावळ्यांची पोरं मोठी होऊनही आईबापांच्या मागे मागे फिरतायत. आणि नेमकी आत्ता, या माळावरून एक इवलीशी पाखरू-जोडी घाईघाईने ये-जा करतेय. त्यातल्या एकाच्या चोचीत गवताचं पातं आहे. पातं पक्ष्याहून लांब, त्यामुळे उडताना ते शेपटीच्याही मागे लोंबतंय.

ही मनोली. बरेच जण मुनिया म्हणतात. चिमणीपेक्षा लहान, 11-12 सेंटिमीटरची, वजनाला बारा ते सोळा ग्रॅम. चोच मात्र जाड, बी फोडायच्या कामाची.

[दृश्य: गवताच्या तुऱ्यावर बसलेला पक्षी. देठ वाकलेला.]

हिला इतका उशीर का, याचं उत्तर ती बसलीय त्या तुऱ्यात आहे. चिमणी काय, सुगरण काय, स्वतः दाणे खातात, पण पिल्लांना भरवतात ते किडे आणि अळ्या. मनोली पिल्लांनाही मुख्यतः बीच भरवते. किडे असले तर तोंडी लावण्यापुरते. आता कोवळ्या पिल्लाला वाळका दाणा कसा चालेल? त्याला लागतो चिकात असलेला दाणा, दाबला की दूध येणारा. जून-जुलैत गवत नुसतं वाढत असतं. ते पोटरीला येतं, निसवतं म्हणजे तुरे बाहेर टाकतं, दाण्यात चीक भरतो, तोवर पावसाळा अर्धा सरलेला असतो. पवन्या, मारवेल, सावा या गवतांचे तुरे बाहेर पडले की मनोली घरट्याला लागते. पाऊस लांबला तर तीही लांबते.

म्हणून मनोली शोधायची तर झाडांकडे बघत फिरू नका. निसवलेलं गवत शोधा आणि जरा लांब उभे राहा. आधी ऐकू येईल बारीक, तुटक चिवचिव. मग गवतातून थवा उठेल, वरखाली हेलकावे घेत थोडा जाईल आणि पुन्हा गवतातच बुडेल. दुर्बीण तिथे लावून थांबायचं. देठ हलायला लागतात, एकेक पक्षी सरकत वर येतो, तुरा चोचीत धरून दाणे काढतो.

[दृश्य: ठिपकेवाल्या मनोलीची जोडी, जवळून. तपकिरी डोकं, पोटावर खवल्यांची नक्षी.]

आपल्याला सगळ्यात जास्त भेटणारी ही ठिपकेवाली मनोली. पोटावर ज्यांच्या नक्षी नाही, साधी मातकट, ती यंदाची पोरं. नर-मादी मात्र दिसायला सारखेच, दुर्बिणीतूनही फरक कळत नाही. कळतो तो फक्त गाण्यावरून, कारण गातो एकटा नर. आता गातो म्हणायचं एवढंच. नीट बघा: अंग फुलवलंय, गळ्याची पिसं थरथरतायत, चोच उघडतेय, मिटतेय. पाच पावलांवर उभ्या माणसाला काहीही ऐकू येत नाही. शेजारची मनोली मान लांब करून थेट त्याच्या चोचीजवळ डोकं नेते आणि तशीच थांबते. ज्याला ऐकायचंय त्यानेच जवळ जायचं, असा हा मामला.

[दृश्य: घरटं बांधणं. काटेरी झुडूप, मग इमारतीच्या गॅलरीतली वेल.]

सुगरणीशी हिची तुलना हमखास होते, आणि त्यात मनोली बिचारी मार खाते. सुगरण पात्याच्या कडेला खाच पाडते, त्याची पट्टी सोलते, त्या पट्ट्या विणते. मनोली अख्खं पातं तोडून आणते, पुष्कळदा तुऱ्यासकट, आणि नुसतं एकात एक खुपसत जाते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, वाऱ्याने उडालेला कचरा फांदीत अडकलाय. मला तरी हा गबाळेपणा तिच्या फायद्याचाच वाटतो. नारळाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा, दार एका बाजूला आणि तेही पुढे आलेल्या तुऱ्यांनी झाकलेलं. भारद्वाजासारखा घरटी उचकणारा पक्षी असल्या पसाऱ्यापाशी फसण्याची शक्यता जास्त. अर्थात नेहमीच फसतो असं नाही. कावळे आणि सापही आहेतच.

आत मात्र मऊ तुऱ्यांचं अस्तर असतं. त्यावर चार ते सहा पांढरीशुभ्र अंडी. नर-मादी आळीपाळीने उबवतात, रात्री दोघंही आतच झोपतात. दोनेक आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. पुढे साधारण तीन आठवडे दोघांच्या खेपा सुरू. मनोली एकेक दाणा चोचीतून आणत नाही. गळ्यातली पिशवी भरून येते आणि आत शिरून ती पिल्लांच्या घशात रिकामी करते. पिल्लंही भूक लागली की माना उंच ताणत नाहीत. मान वळवून, डोकं खाली ठेवून चोच तेवढी वर करतात. तोंडाच्या आत काळ्या खुणा असतात. अंधाऱ्या घरट्यात आईबापांना तोंड कुठे आहे ते त्यावरून सापडत असावं.

आणखी एक, जरा नाक मुरडायला लावणारी गोष्ट. बुलबुल पिल्लांची विष्ठा उचलून लांब नेऊन टाकतो. मनोलीला ती शिस्त नाही. विष्ठा घरट्यातच कडेकडेला वाळून बसते.

[दृश्य: भांडुप पंपिंग स्टेशनजवळचं गवत. लाल मनोलीचा नर.]

आता ही लाल मनोली. मुंबईत भांडुपला, नाशिककडे नांदूर मधमेश्वरला, पाण्याकाठच्या उंच गवतात सापडते. पावसाळ्यात नर लालभडक होतो, अंगभर पांढरे ठिपके. वीण संपली की हा सगळा थाट उतरतो आणि तो मादीसारखा मातकट दिसू लागतो. शेपटीच्या वरचा भाग लाल राहतो, त्यावरून लाल मनोली ओळखायची. हिचं घरटं जमिनीपासून थोड्याच उंचीवर, गवतातच असतं, म्हणून तिथे पायवाट सोडून आत शिरायचंच नाही. कार्यक्रमाच्या या भागात लाल मनोलीचं घरटं आम्ही दाखवत नाही, कारण ते दाखवायला गवत बाजूला सारावं लागतं.

तिचा लाल रंग तिच्या मुळावर आला. पिंजऱ्यांसाठी शेकडो वर्षं ती पकडली गेली. स्पेन-पोर्तुगालमध्ये पिंजऱ्यांतून सुटलेल्या लाल मनोल्यांचे थवे आज तिथल्या रानात राहतात. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याने कुठलीही मनोली पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. तरी साध्या मनोल्यांना रंग फासून विकणारे दिसतात. रंगीत दिसली म्हणून विकत घेऊन सोडून देणं हेही पुण्य नव्हे. त्या जागी दुसरी पकडली जाते.

[दृश्य: विहिरीवरची बाभूळ, सुगरणीचे रिकामे खोपे. जानेवारी.]

गवताचं वेळापत्रक फारसं न मानणारी एक मनोली आहे, पांढऱ्या कंठाची. रुपेरी चोच, टोकदार काळी शेपटी, कोरड्या माळाची रहिवासी. ती वर्षात केव्हाही घरटं करते, आणि बांधायचा कंटाळा आला तर सुगरणीचा जुना खोपा आहेच. त्यात थोडी पिसं नेऊन टाकली की झालं. हिवाळ्यात संध्याकाळी अशा एका खोप्यात पाच-सहा जणी झोपायला शिरताना दिसतात. शेवटची आत मावेना म्हणून होणारी ढकलाढकल बघण्यासारखी असते.

[दृश्य: जळलेला माळ. मग शहरातली सोसायटी, कात्री घेऊन छाटणी करणारा माणूस.]

सरकारी दप्तरात असल्या माळांची नोंद बऱ्याचदा 'पडीक' अशी होते. मग कुणी तिथे खड्डे खणून झाडं लावतं, कुणी पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून काडी लावतं. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मान्य. पण गवत गेलं की मनोली गेली, तिला वडाच्या सावलीचा काही उपयोग नाही. शहरात वेगळीच गंमत. ठिपकेवाली मनोली बोगनवेलीत, मनी प्लांटमध्ये, गॅलरीतल्या कुंडीवरच्या वेलीत बिनदिक्कत घर करते. आणि पावसाळा ओसरला की सोसायटीची छाटणी निघते, नेमकी पिल्लं आत असताना. छाटणी महिनाभर पुढे ढकलली तर कुणाचं काही बिघडत नाही.

तुमच्याच गॅलरीत तिने काड्या आणायला सुरुवात केली, तर एवढंच करा. पहिले काही दिवस त्या बाजूचा पडदा ओढून ठेवा, कारण बांधकाम चालू असताना बिचकली तर ती जागा सोडते. आत डोकावू नका, फ्लॅश मारू नका. घरट्याचा पत्ता सोशल मीडियावर टाकू नका. दाणे ठेवायची गरज नाही, त्याने कबुतरं येतील. कुंडीला पाणी घालायचं ते जोडी बाहेर असताना, हळूच. सगळं मिळून दीड-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पिल्लं उडाल्यावरही काही रात्री सगळं कुटुंब झोपायला तिथेच परततं, म्हणून लगेच साफसफाई नको. दिवाळीच्या आवराआवरीत अख्खी गॅलरी धुऊन काढा, तेवढा एक कोपरा राहू द्या. संध्याकाळी कुणी येईनासं झालं, की मग तोही झाडून घ्या.