सोळा अंकांचा संदेश

[पडद्यावर: काळ्या पार्श्वभूमीवर चौकटींचं जाळं. काहींत झाडं, काहींत अन्न, बाकी मोकळ्या. मधोमध एक चांदणी.]

हे एक जंगल आहे. ५८ चौकटी लांब, १८ चौकटी रुंद. स्टुअर्ट विल्सन या अमेरिकी संशोधकाने १९८५ साली ते कॉम्प्युटरमध्ये उभं केलं. ही चांदणी म्हणजे त्यातला प्राणी. विल्सन यांनी त्याचं नाव ठेवलं ॲनिमॅट.

ॲनिमॅटकडे जंगलाचा नकाशा नाही. अन्न कुठे असतं, झाडातून आरपार जाता येतं की नाही, यातलं काहीच त्याला ठाऊक नाही. त्याला कळतात फक्त भोवतालच्या आठ चौकटी, आणि त्याही आकड्यांतच. मोकळी जागा असेल तर ००. झाड असेल तर ०१. अन्न असेल तर ११. उत्तरेपासून सुरुवात करायची आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत यायचं: उत्तर, ईशान्य, पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम, वायव्य. आठ दिशा, प्रत्येकीचे दोन अंक.

[पडद्यावर: ०१ ०१ ११ ०० ०० ०० ०० ००]

उत्तरेला झाड, ईशान्येला झाड, पूर्वेला अन्न, बाकी सगळं मोकळं. परिसराकडून आलेला संदेश तो हाच. या क्षणी ॲनिमॅटचं सगळं जग या सोळा अंकांत आहे.

आता हा संदेश वाचायचा कुणी?

नेहमीचा प्रोग्रॅम असता तर त्यात कुणीतरी आधीच लिहून ठेवलं असतं की पूर्वेला अन्न दिसलं तर पूर्वेला जा. इथे असं कुणीही काही लिहिलेलं नाही. इथे आहेत शेकडो छोटे नियम, आणि सुरुवातीला तेही वाटेल तसे जुळवलेले. प्रत्येक नियमाचे दोन भाग. एक अट, एक कृती. अट संदेशाएवढीच लांब, फक्त तिच्यात ० आणि १ यांच्या जोडीला एक तिसरं चिन्ह असतं: #. या जागी काहीही असलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ.

[पडद्यावर: ####११########## → पूर्वेला जा]

या नियमाला फक्त पाचव्या आणि सहाव्या अंकाशी मतलब आहे. तिथे ११ दिसले की तो उभा राहतो. बाकी जगात काय चाललंय, याची त्याला फिकीर नाही.

[पडद्यावर: ०१############## → दक्षिणेला जा]

हा दुसरा. उत्तरेला झाड दिसलं की हा दक्षिणेकडे वळायला सांगतो. आपला संदेश या दोघांनाही लागू पडतो. एकाला पूर्वेला जायचंय, दुसऱ्याला दक्षिणेला. आणि भांडण सोडवायला वर कुणी साहेब बसलेला नाही.

या यंत्राला क्लासिफायर सिस्टिम म्हणतात, आणि ती मुळात जॉन हॉलंड यांची. १९२९ साली इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथे जन्म, एमआयटीत शिक्षण, मग आयबीएमच्या ७०१ या सुरुवातीच्या संगणकावर काम, आणि त्यानंतर जवळपास सगळं आयुष्य मिशिगन विद्यापीठात. तिथे त्यांनी १९५९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. जेनेटिक अल्गोरिदमचे, म्हणजे उत्क्रांतीची नक्कल करत उत्तरं शोधणाऱ्या पद्धतीचे, जनक म्हणून जग त्यांना ओळखतं. माझ्या मते त्यांची क्लासिफायर सिस्टिम त्याहून खोल आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं.

[पडद्यावर: एक कोरी यादी. तिच्यात एकेक संदेश येऊन बसतो.]

हॉलंड यांच्या मूळ रचनेत मध्यभागी एक यादी असते, संदेशांची यादी. परिसराकडून संदेश आला की तो या यादीत लागतो. सगळे नियम एकाच वेळी ती यादी वाचतात. ज्याची अट जुळते त्याला बोलायचा हक्क मिळतो, आणि त्याचं बोलणं म्हणजे आणखी एक संदेश, तितक्याच लांबीचा, त्याच यादीत लागणारा. तो पुढच्या फेरीत दुसरे नियम वाचतात. एखादा नियम हालचाल घडवणाऱ्या भागाला सांगतो, चाल. एखादा नुसताच दुसऱ्या नियमांना काहीतरी कळवतो. संदेशाच्या सुरुवातीचे काही अंक खुणेसाठी राखून ठेवता येतात, म्हणजे हा बाहेरून आलाय की आतून, ते ओळखता येतं. इतकंच काय, "असा संदेश आलेला नसेल तर" अशीही अट घालता येते.

आणि फेरी संपली की जुनी यादी पुसली जाते.

या पुसण्याचा परिणाम मोठा आहे. एखादी गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर कुठल्यातरी नियमाला तोच संदेश दर फेरीत पुन्हा लिहावा लागतो. या यंत्रात आठवण म्हणजे कुठे जपून ठेवलेली वस्तू नव्हे. कुणीतरी सतत करत राहण्याचं ते काम आहे.

मग बोलणार कोण, हे ठरतं कसं? लिलावाने. प्रत्येक नियमाच्या खात्यात काही शिल्लक असते. तिला त्याची ताकद म्हणतात. अट जुळलेले नियम बोली लावतात, आणि बोली दोन गोष्टींवर ठरते: ताकद किती, आणि अट किती नेमकी. समजा, एका नियमाची ताकद १६० आहे, पण सोळांपैकी दोनच अंक त्याने ठरवून दिलेत. दुसऱ्याची ताकद ८०, पण त्याने आठ अंक ठरवून दिलेत. ताकदीला ठरवून दिलेल्या अंकांच्या प्रमाणाने गुणायचं: पहिल्याचे १६० गुणिले २/१६ म्हणजे २०, दुसऱ्याचे ८० गुणिले ८/१६ म्हणजे ४०. दोघांनी त्याचा दहावा हिस्सा पणाला लावला तर पहिल्याची बोली होते २, दुसऱ्याची ४. दुसरा जिंकतो. ताकद निम्मी, तरीही. त्याला या प्रसंगाबद्दल जास्त नेमकं ठाऊक आहे, म्हणून.

त्यामुळे ढोबळ नियम आणि त्याचे अपवाद एकत्र नांदू शकतात. नेहमीच्या दिवशी ढोबळ नियम काम करतो. वेगळं काही घडलं की नेमका नियम त्याच्यावर बोली चढवतो.

[पडद्यावर: नियमांची साखळी. शिल्लक उजवीकडून डावीकडे सरकते.]

जिंकणाऱ्याला बोलीची रक्कम मोजावी लागते. ती जाते कुणाला? ज्याच्या संदेशामुळे त्याची अट जुळली, त्या नियमाला. मंडईत किरकोळ भाजीवाला गिऱ्हाईक मिळायच्या आधीच अडत्याला पैसे देतो आणि अडत्या शेतकऱ्याला. तसंच इथे. परिसराकडून बक्षीस, म्हणजे अन्न, मिळतं ते फक्त शेवटच्या नियमाला. पण त्याची ताकद वाढली की पुढच्या वेळी तो मोठी बोली लावतो, म्हणून त्याच्या आधीच्याला जास्त मिळतं. मग त्याच्या आधीच्याला. अन्नापासून कितीतरी पावलं मागे असलेल्या नियमापर्यंत श्रेय असं हळूहळू झिरपत जातं. या पद्धतीला हॉलंड बकेट ब्रिगेड म्हणत.

मला यातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं सांगू? संदेशाला स्वतःचा असा अर्थच नाही. ११ म्हणजे अन्न, हे आपल्याला माहीत आहे. यंत्रात तसं कुठेही लिहिलेलं नाही. ११ पाहून पूर्वेला जाणाऱ्याचं खातं भरत गेलं. त्याचा अर्थ तेवढाच.

नापास झालेल्या नियमांची जागा नवे नियम घेतात. ताकदवान नियमांची जोडी निवडायची, त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळायचे, एखादा अंक बदलायचा. हा जेनेटिक अल्गोरिदम. आणि आलेला संदेश कुणालाच लागू पडला नाही, तर ॲनिमॅटमध्ये त्या संदेशावरूनच नवा नियम घडवला जातो. काही अंक तसेच ठेवायचे, काहींच्या जागी # बसवायचा.

[पडद्यावर: गॅसची पाइपलाइन, दाबमापक.]

हे फक्त खेळातल्या जंगलापुरतं राहिलं नाही. १९८३ मध्ये मिशिगनमध्येच डेव्हिड गोल्डबर्ग या स्थापत्य अभियंत्याने नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनचं कॉम्प्युटरवर रूप तयार केलं. आत येणारा वायू, बाहेर जाणारा वायू, दाब, तापमान या सगळ्याचा मिळून एक संदेश. यदृच्छेने सुरू झालेले नियम पाइपलाइन चालवायला शिकले आणि गळतीही ओळखायला शिकले.

पण एक दुखणं होतं. खूप ढोबळ नियम बऱ्याच ठिकाणी बरोबर ठरतो, भरपूर कमावतो आणि गब्बर होतो. मग जिथे तो चुकतो, तिथेही त्याचंच चालतं. १९९५ मध्ये विल्सन यांनी एक्ससीएस नावाची नवी रचना मांडली आणि हिशेबाचा पायाच बदलला. नियम किती कमावतो यापेक्षा, आपण किती कमावणार याचा त्याचा अंदाज किती अचूक ठरतो, यावर त्याची लायकी ठरू लागली. कमी कमावणारा पण भरवशाचा नियमही टिकू लागला. पुढचं बरंचसं संशोधन याच रचनेवर उभं राहिलं.

[पडद्यावर: पुन्हा जंगल. दोन दूरच्या चौकटी उजळतात. दोन्हींवर तेच सोळा अंक.]

आता या दोन जागा पाहा. दोन्हीकडे भोवताल अगदी सारखा, म्हणून संदेशही सारखाच. पण एका ठिकाणाहून अन्न डावीकडे आहे, दुसऱ्या ठिकाणाहून उजवीकडे. ॲनिमॅटला फरक कळणं शक्यच नाही. कारण रचना सोपी करताना विल्सन यांनी हॉलंड यांची ती मधली यादी काढून टाकली होती. नियमांनी एकमेकांना काही कळवायची सोयच उरली नव्हती, त्यामुळे आपण कुठून आलो हे लक्षात राहायचं कारण नव्हतं.

१९९४ मध्ये विल्सन यांनी झेडसीएस ही आणखी साधी रचना मांडली तेव्हा स्वतःच सुचवलं होतं की तिला थोडी स्मृती जोडता येईल. त्याच वर्षी डेव्ह क्लिफ आणि सूझी रॉस यांनी ती जोडली. स्मृती केवढी? काही मोजक्या अंकांची एक चिमुकली नोंद. नियमाची अट परिसराच्या संदेशाबरोबर ही नोंदही वाचते, आणि कृतीत एक पाऊल टाकण्याबरोबर ती बदलूही शकते. पुढे १९९८ मध्ये इटलीच्या पिएर लुका लांझी यांनी एक्ससीएसलाही अशीच स्मृती दिली. सारख्या दिसणाऱ्या त्या दोन जागांपैकी एकीवर आता नोंदीत ० असतो आणि दुसरीवर १. त्यातला १ कुणी लिहायचा आणि कधी, हे मात्र नियमांना स्वतःच शोधून काढावं लागतं.