ठिणगी जळते कुठे?

फुलबाजी पेटली की आपण म्हणतो, दारू जळतेय. ते अर्धंच खरं आहे. दारू तिच्यात मिसळलेल्या धातूच्या कणाला तापवते आणि बाहेर भिरकावते. त्यानंतरचं त्याचं जळणं मुख्यतः हवेतल्या ऑक्सिजनवर चालतं. ठिणगीचं तेज आणि आयुष्य ठरतं ते या बाहेरच्या प्रवासात.

आधी तेज. केल्विनमधलं, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं, तापमान दुप्पट झालं की तापलेल्या कणातून सोळापट ऊर्जा बाहेर पडते. कोळशाचा कण नारिंगी, लोखंडाचा सोनेरी आणि टायटॅनियमचा पांढरा शुभ्र दिसतो, तो या तापमानामुळे. शोभेच्या दारूतला हिरवा रंग बेरियमच्या संयुगांमधून येतो. नुसता तापलेला कण कितीही तापवा, हिरवा होणार नाही.

आता टिकणं. कण मोठा, तर आयुष्य मोठं. वितळलेल्या थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर जळण्याचा वेळ साधारण चौपट होतो. मग मोठेच कण का घेऊ नयेत? कारण ते पेटतच नाहीत, काळेच खाली पडतात. फार बारीक पूड घ्या, तर ती ज्योतीतच जळून जाते. लखकन उजेड पडतो, पण ठिणगी निघत नाही. ॲल्युमिनियमची अडचण आणखी वेगळी आहे. धातू वितळतो ६६० अंश सेल्सिअसला, पण त्याच्या अंगावरचं ऑक्साइडचं कवच वितळायला दोन हजारांहून जास्त अंश लागतात, आणि तोवर ते ऑक्सिजनच्या आड येतं. टायटॅनियमच्या बाबतीत तापल्यावर ऑक्सिजन धातूतच मुरत जातो, कवच तसं आड येत नाही. म्हणून त्याचे जाडसर कणही पेटतात आणि लांब, रुपेरी रेघ ओढतात. कोळशाचा कण तेजात मागे, पण सावकाश जळतो. विलो या झाडाच्या फांद्यांसारख्या खाली लोंबत येणाऱ्या रेघा त्याच्याच.

मला स्वतःला मात्र लोखंडाची ठिणगी सर्वांत देखणी वाटते. ती फुटते, तिला फांद्या येतात. हे काम लोखंडातल्या कार्बनचं. वितळलेल्या थेंबात ऑक्सिजन शिरतो, आत कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि थेंब फुटून त्याचे चार-सहा थेंब होतात. शुद्ध लोखंडाची ठिणगी जवळजवळ सरळ जाते. कारखान्यात पोलाद फिरत्या सहाणेवर धरून, फुलोरा पाहून त्यातला कार्बन ताडतात, तो याच गुणावर. चीनमधले जुने कारागीर फुटक्या बिडाच्या भांड्यांचा चुरा वापरत. बिडात कार्बन भरपूर आणि ते ठिसूळ, त्यामुळे कुटायलाही सोपं! त्यांच्याकडे रसायनशास्त्राची ही भाषा नव्हती, तरी निवड अचूक होती.

मिश्रणाची प्रमाणं मी इथे देणार नाही. धातूची पूड आणि ऑक्सिकारक (ऑक्सिजन पुरवणारं रसायन) एकत्र आले की पेट घ्यायला घर्षण, ओल किंवा साधी स्थिर विजेची ठिणगीही पुरते. हात गेलेल्यांना प्रमाण माहीतच होतं.

ठिणग्यांबद्दल बोलताना एक प्रश्न हमखास येतो: हजार अंशांहून तापलेली ठिणगी तळहातावर पडली तरी फारसं भाजत का नाही? तापमान आणि उष्णता या वेगळ्या गोष्टी आहेत. कणाचं वस्तुमान इतकं कमी, की त्यात साठलेली उष्णता त्वचेला नुसतं टोचते. डोळ्याला मात्र तेवढीही पुष्कळ होते, आणि फुलबाजीची तार विझल्यावरही बराच वेळ भाजते.