धक्का कुठं जातो? : मझल ब्रेकची गोष्ट

हा खांदा बघा. बार झाला की शर्टावर लाट उठते, ती आम्ही स्लो करून दाखवलीय म्हणून दिसतेय, नाहीतर नुसता हिसका कळतो. रायफल .३०८ (हा आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचात), ब्रेक नसलेली. आता तीच रायफल, तोच माणूस, फक्त नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे गॅस वळवणारा भोकांचा तुकडा, लावलाय. शर्ट हलतोय, पण दुर्बिणीतनं टारगेट सुटत नाही. आपली गोळी कुठं लागली ते त्याचं त्यालाच दिसतंय.

नेमबाजीचं कोल्हापूरला काय सांगायला नको. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्रॉन्झ घेतलं. पण त्यांची रायफल .२२ ची आणि आंतरराष्ट्रीय नियमांत रायफलला मझल ब्रेक चालतच नाही. .२२ ला त्याची तशी गरजही नाही, तिच्यात दारू एवढीशी असते की वळवायला गॅसच उरत नाही. मोठ्या रायफलचं गणित वेगळं.

ते गणित समजायला आम्ही उद्यमनगरात आलो. मित्राचं लेथचं शॉप आहे, कॉम्प्रेसर आहे, नळकामाचे टी आणि एल्बो आहेत. हवेचा पाइप दोरीनं वर टांगलाय. व्हॉल्व्ह उघडला, बघा, पाइप मागं गेला. आता तोंडाला टी लावला, हवा डावी-उजवीकडं निघाली, पाइप जागच्या जागी. आता टीच्या दोन्ही बाजूंना एल्बो लावून त्यांची तोंडं मागं वळवली आणि पाइप चक्क पुढं सरकला! हे आम्ही चार वेळा केलं, दर वेळी शॉपमधली पोरं कामं सोडून बघायला आली. मझल ब्रेक म्हणजे हेच. गोळीच्या मागनं जो गॅस सुटतो तो गोळीपेक्षा जोरात पळतो, .३०८ मध्ये धक्क्यातला साधारण तिसरा हिस्सा त्या गॅसचा असतो, त्याला सरळ पुढं जाऊ न देता बाजूला किंवा मागं वळवायचं.

आणि खरी कारागिरी इथनं पुढं. भोकं मागं झुकवली की धक्का जास्त मरतो. वरच्या बाजूला भोकं दिली की गॅस वर जातो, नळी खाली दाबली जाते, तोंड उसळत नाही. चारी बाजूंनी गोल भोकं असली तर काय होतं ते ह्या शॉटमध्ये बघा, प्रोनमध्ये झोपून बार काढला आणि लाल मातीचा ढग थेट तोंडावर, दुसऱ्या गोळीला टारगेट गायब. म्हणून झोपून मारणारे खालची बाजू बंद असलेला ब्रेक मागतात. शिवाय गोळी जायचं भोक नळीशी अगदी एका रेषेत लागतं, ती बाहेर पडताना कडेला घासली तर खेळ खलास. २०१७ ला पोखरणला धनुष तोफेच्या चाचणीत गोळा मझल ब्रेकलाच लागला होता, एवढ्या मोठ्या तोफेचं हे, तर रायफलमध्ये केसाएवढा फरकसुद्धा महागात पडतो.

आवाज मात्र वाढतो, आणि तो शेजारच्याच्या कानावर जास्त येतो, म्हणून इथं सगळ्यांच्या कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही.

हे काका सैनिक टाकळी गावचे, जुने फौजी. गावात सगळे मेजरच म्हणतात. सगळी नोकरी ७.६२ मिमीच्या एसएलआरवर, म्हणजे फौजेच्या जुन्या रायफलवर गेली. त्यांचं म्हणणं असं, की खांद्याची निळाई दोन दिवसांत जाते, पण बार व्हायच्या आधी डोळा मिटायची खोड लागली की वर्षं जातात. धसका एकदा बसला की बसला. म्हणून पोरांच्या हातात पहिली मोठी रायफल ब्रेक लावूनच द्यायची, अंग बारीक असेल तर नक्कीच, स्पर्धेच्या वेळी काढायचा तेव्हा काढू. हे आम्हाला शंभर टक्के पटलंय आणि ही फिल्म त्यासाठीच केलीय.

ही कॉलेजातली मुलगी आजवर .२२ वरच होती, .३०८ आज पहिल्यांदा. मेजरकाका मागं बसलेत, काही बोलत नाहीत. पहिल्या गोळीला दोन्ही डोळे मिटले. दुसरीलाही. तिसरीला अर्धा.

ही पाचवी. तिचा डोळा बघा.