कालवड, खराब चारा आणि पेटंट

नमस्कार श्रोतेहो. विद्यापीठातला शोध बाजारात कसा पोचतो, हा आजचा विषय. पण आधी एका मेलेल्या कालवडीची गोष्ट ऐका.

फेब्रुवारी १९३३, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य. बर्फाचं वादळ सुटलेलं. अशात एक शेतकरी ट्रकमध्ये मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये रक्त आणि बुरशी लागलेला चारा घेऊन तीनशे किलोमीटर आला. शनिवार असल्यानं सरकारी पशुवैद्यकाचं ऑफिस बंद! मग तो विद्यापीठात शिरला, तो थेट कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. कॅनमधलं रक्त गोठतच नव्हतं. लिंक तेव्हा एवढंच सांगू शकले, हा चारा घालणं बंद करा. बिचारा तसाच परत गेला. पण लिंक यांच्या मंडळींनी त्या चाऱ्याचा पिच्छा सोडला नाही. १९३९ साली त्यातलं दोषी द्रव्य हाती लागलं. त्याच कुळातलं एक रसायन १९४८मध्ये उंदीर मारायला विकायला आलं, आणि १९५४मध्ये चक्क माणसांचं औषध झालं! तेच वॉरफेरिन. घरात कुणाची हृदयाची झडप बदलली असेल, तर ही रक्त पातळ करायची गोळी आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी ती आयएनआरची तपासणी तुम्हाला पाठच असेल.

पेटंट यात कुठे आलं? त्या विद्यापीठासाठी १९२५पासून एक वेगळी संस्था होती, वॉर्फ. प्राध्यापकांच्या शोधांची पेटंट घ्यायची, कंपन्यांना परवाने द्यायचे, आलेला पैसा परत संशोधनात घालायचा. औषधाला नावही तिचंच मिळालं.

आपल्याकडे शोध लागला की आधी शाल-श्रीफळ. मग लगेच शोधनिबंध छापायला. इथंच फसगत होते. छापून आलेलं कायद्याच्या लेखी नवं राहत नाही. म्हणून आधी पेटंटचा अर्ज, मग निबंध. पुन्हा सांगतो, आधी अर्ज, मग निबंध. सुरुवातीला तात्पुरत्या तपशिलावर अर्ज चालतो, पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यायचा. शैक्षणिक संस्थांना २०२१पासून शुल्कात ८० टक्के सवलतही आहे.

आपलं नागपूरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, १९४२ साली लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभं राहिलं, तेच मुळी उद्योगाला लागणारं विज्ञान शिकवायला. आणि पेटंटचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था तर इथंच आहे, सिव्हिल लाइन्समध्ये, हिस्लॉप कॉलेज रोडवर. प्राध्यापक मंडळी, निबंध पाकिटात घालण्याआधी तिकडे एक चक्कर मारून या.