चोवीस व्होल्टची होडी आणि अठरा व्होल्टचं ड्रिल

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'होडीवर कॉर्डलेस हत्यारांच्या बॅटऱ्या कशा चार्ज कराव्यात'. त्यावर येतोच. पण आधी मधल्या वायरचा समाचार घेऊ द्या, कारण तिच्यावर बोलायला मला कोणी बोलावत नाही.

इथल्या बऱ्याच ट्रॉलरवर बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. स्टार्टर चोवीसचा, इंजिनावर फिरून बॅटऱ्या भरणारा अल्टरनेटर चोवीसचा. मग कुणीतरी ड्रिलसाठी बारा व्होल्टवर चालणारा चार्जर आणतो. वायरमन दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या पट्टीवरून एक वायर काढतो, हीच ती मधली वायर, आणि दुसरी निगेटिव्हवरून. मीटरवर साडेबारा दिसतात, चार्जरचा दिवा लागतो, वायरमन चहा पिऊन घरी. तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, खूश. तेवढ्यावर फिशफाइंडर येतो, मोबाइलचे चार्जर येतात, गाण्यांचा डबाही येतो. (हसू नका, त्या डब्याला सगळ्यात जाड वायर असते!)

आता हिशोब बघा. अठरा व्होल्ट, पाच अँपिअर-अवरचा पॅक, म्हणजे ड्रिलची बॅटरी, म्हणजे 90 वॉट-अवर. चार्जरमधली घट धरून बारा व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 9 अँपिअर-अवर जातात. दिवसाला चार पॅक भरले तर 36. आणि हे सगळे निगेटिव्हकडच्या एकाच बॅटरीतून. वरची, पॉझिटिव्हकडची, आराम करते. संध्याकाळी अल्टरनेटर मात्र दोघींतून सारखाच करंट ढकलतो. राबली एकटी, ताट दोघींना सारखं. अल्टरनेटरच्या रेग्युलेटरला दिसते फक्त दोघींच्या व्होल्टची बेरीज. 28.4 व्होल्ट झाले की त्याच्या मते काम झालं. प्रत्यक्षात वरची 15 वर जाऊन पाणी उकळवत असते, आणि खालची 13.4 वरच अडकलेली, कधीच पूर्ण न भरणारी. तिच्या प्लेटांवर सल्फेट चढतं. एका सकाळी स्टार्टर नुसता टक्‌ करतो, आणि शिव्या बसतात बॅटरी कंपनीला.

त्याहून वाईट पुढे. मालक म्हणतो, एकच गेलीय, एकच बदल. नवी आणि जुनी एका जोडीत घातली की नवीही लवकर संपते. बदलायच्या तर दोन्ही, एकाच वेळी, एकाच बनावटीच्या आणि क्षमतेच्या. तुमच्याकडे मधली वायर असेल तर इंजिन बंद करून, सगळा लोड काढून दोन-तीन तास जाऊ द्या आणि प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. 0.2 व्होल्टच्या वर फरक दिसला, तर नुकसान सुरू झालंय. उपाय साधा आहे: पूर्ण चोवीसवर 24 ते 12 व्होल्टचा कन्व्हर्टर, सलग 20 अँपिअर देणारा, आणि बारा व्होल्टचं सगळं त्याच्यावर.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, मूळ विषय.

पॅक होडीच्या वायरला थेट कधीही जोडू नका. अठराच्या पॅकमध्ये पाच सेल असतात, पूर्ण भरल्यावर 21 व्होल्ट. '20 व्होल्ट मॅक्स' लिहिलेल्यातही तेच पाच. चालू इंजिनावर 28 व्होल्ट दिलेत तर आग लागेल. बारावर जोडलात तर उलट पॅकच होडीत रिकामा होईल.

पहिली पसंती बारा व्होल्टच्या गाडी-चार्जरला. मकिताचा डीसी18एसई, डीवॉल्टचा डीसीबी119 ही त्यातली नावं. तो चोवीसवर चालतो असं लेबलवर छापलेलं नसेल, तर कन्व्हर्टरमधूनच लावा. ओल्या डेकवर 230 व्होल्ट आणायची गरजच पडत नाही.

इन्व्हर्टरच हवा असेल तर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्यासारखी गुळगुळीत वीज देणारा. पायऱ्यापायऱ्यांची वीज देणाऱ्या मॉडिफाइडवर काही स्वस्त चार्जर तापून जळतात. बारा व्होल्टच्या होडीवर 300 वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला 30 अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून तीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर, अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरने गेलात तर सव्वा व्होल्ट वायरमध्येच पडतो, आणि बॅटरी भरलेली असताना इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून ओरडतो. दहा स्क्वेअर टिन केलेली तांब्याची वायर घाला, घट साधारण 0.3. 40 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, इन्व्हर्टरपाशी नव्हे. पॅक भरला की इन्व्हर्टर बंद करा, रिकामाही तो करंट खात राहतो. आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी कळ, लावली म्हणून निर्धास्त होऊ नका: इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसेल तर ती पडतच नाही.

चार्जिंग इंजिन चालू असताना. ते बंद ठेवून करायचं तर स्टार्टरच्या बॅटरीवर नको.

जागा: केबिनमध्ये, सुक्या फळीवर, डोळ्यांसमोर. इंजिनरूममध्ये पॅक गरम राहतो आणि चार्जर दिवा मिचकावत नुसता थांबतो. ती बिघाडाची खूण नाही, पॅक थंड होऊ द्या. बॅटरीच्या पेटीवर चार्जर ठेवू नका, तिथे हायड्रोजन निघतो. आउटबोर्डवाल्यांनी, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन असणाऱ्यांनी, पेट्रोलच्या टाकीपासून लांब. समुद्रात पडलेला पॅक वाळला तरी चार्जरवर चढवायचा नाही.

1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत होडी शाकारली की पॅक घरी न्या, चार दिव्यांपैकी दोन दिवे दाखवतील एवढेच भरलेले ठेवा, आणि चार्जरवरून काढून. आता प्रश्न विचारा. मधल्या वायरवरचे आधी घेईन.